थोपटणं

चार वर्षांच्या इराला ना ताप होता, ना खोकला. तरी तिची आई हेमांगी तिला घेऊन दवाखान्यात आली होती.

"हळदीच्या दुधाचा गुण येईनासा झाला, तेव्हा मी गप्प बसले डॉक्टर," ती म्हणाली. "पण आता कितीही थोपटलं तरी ही झोपत नाही."

डॉक्टर पाखऱ्यांनी इराच्या मनगटाखालची चकती तपासली. जन्मल्याबरोबर प्रत्येकाला बसवली जाणारी ती चकती मंजूर यादीतल्या उपचारांचाच गुण येऊ देई. बाकी सगळं अडवून धरी. बनावट औषधांचे बळी थांबले होते, ते तिच्यामुळेच.

"चकती ठणठणीत आहे."

"मग असं का होतंय?"

डॉक्टरांनी सहज म्हणून पडद्यावर यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"आईचं थोपटणं, कुशीत घेणं... होतं की यादीत. सोमवारी वगळलंय. झोपेच्या थेंबांपेक्षा वेळ जास्त लागतो म्हणून."

हेमांगीने लेकीला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.

इराने तिच्या खांद्यावरून मान वळवली.

"डॉक्टरकाका, आई मला अशी का आवळतेय?"