कमळाची कुंडी

सेनुली डेंग्यूनं गेली. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण घालून झाल्यावर तिची आच्ची, आईची आई, पांढऱ्या साडीतच अंगणातल्या कमळाच्या कुंडीपाशी येऊन बसली. बुद्धाला वाहायच्या फुलांखाली डासांच्या अळ्या वळवळत होत्या. महिन्यापूर्वी आरोग्यखात्याची पोरगी पाणी ओतून द्या म्हणाली, तेव्हा आच्चीनंच हात जोडले होते, “तेही जीवच गं बाई. शील घेतलंय मी, मुंगीसुद्धा मारत नाही.” लेक आतून आली. “अम्मा, आता तरी ओत ते पाणी. की माझ्या पोरीपेक्षा अजून अळ्याच जवळच्या तुला?” आच्चीनं कुंडी कलती केली. पाणी काठाशी आलं, तशी एक अळी वळवळत तिच्या अंगठ्यापाशी येऊन थांबली. कुंडी हळूच सरळ ठेवत आच्ची म्हणाली, “एवढीशी पोर ती. पुन्हा जन्म घ्यायला लांब कुठं गेली असेल?”