अंगठ्याची सवय

"बाजूला हो. आज मी बसवतो," मार्तंडराव म्हणाले आणि मुलाच्या, दिवाकरच्या हातातला प्रोसेसर त्यांनी काढून घेतला.

दिवाकर सरकला. कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानाच्या दाराशी त्याची बॅग भरून ठेवलेली होती. दुपारच्या गाडीनं पुण्याला जाऊन नोकरीवर रुजू व्हायचं होतं. दिवाळीपासून बाबांचा उजवा हात थरथरत होता, सांडू नये म्हणून चहासुद्धा ते अर्धाच कप घेत. त्यापायी तो दोनदा थांबला होता. आता कंपनी थांबणार नव्हती. शेवटी बाबांनीच तोड काढली: एक नवा बोर्ड त्याच्यासमोर एकट्यानं जोडून दाखवायचा, मग पोरानं खुशाल जायचं. सदर बाजारात जन्मभर मशिनी दुरुस्त केलेल्या माणसाला हे काय अवघड, असं दिवाकर सकाळपासून स्वतःला समजावत होता.

"बाबा, जुन्यात पिना प्रोसेसरला असायच्या. यात त्या खाली सॉकेटमध्ये आहेत, केसासारख्या. खाचेला खाच लावून नुसता ठेवायचा. दाबायचा नाही."

"मालूम है, बेटा. मला शिकवू नकोस."

प्रोसेसर अलगद खाली आला. जमलं, असं दिवाकरला वाटलं, आणि तेवढ्यात बाबांचा अंगठा वर टेकला, दाबून एकदा फिरला.

बारीकसं करकरलं.

दिवाकरनं प्रोसेसर उचलून खाली सॉकेटमध्ये पाहिलं. एका कोपऱ्यातल्या पिना वाऱ्यानं लोळवलेल्या गव्हासारख्या आडव्या झाल्या होत्या.

"सवय रे," बाबा म्हणाले. "जुना बसवला की अंगठ्यानं चाचपून बघायचो. हात कुठं ऐकतोय आता!"

जुन्याची पिन वाकली तर ब्लेडच्या पात्यानं सरळ करून मोकळं होता यायचं. या पिना भिंगाखाली, सुईनं, एकेक करून उठवायच्या म्हणजे संध्याकाळ होणार. सिव्हिल लाइन्समधल्या वकीलसाहेबांना मशीन आजच हवं होतं. आणि हे काम दुकानात दिवाकरशिवाय कुणाला येत नव्हतं.

त्याला ओरडावंसं वाटलं. मग बाबांच्या पांढऱ्या डोक्याकडे बघून तेही होईना. त्यानं बॅग आणून टेबलाखाली सरकवली आणि भिंग काढलं.

"दुसरी मिळेल रे नोकरी," बाबा म्हणाले. "परेशान होऊ नकोस. आधी चहा घे."

त्यांनी थर्मासमधला चहा कपात काठोकाठ ओतला, कप उजव्या हातात धरला आणि उघड्या बोर्डवरून त्याच्यापुढे केला.

दिवाकर कपाकडे, तो धरलेल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. बोर्डवर एक थेंबही पडला नव्हता.

"घे ना," बाबा म्हणाले. "गार होईल."