मधली एसटी

आईने कंगवा हातात घेतला की दोघी मुली घर डोक्यावर घ्यायच्या. आज मात्र बाबापुढे मुकाट मांडी घालून बसल्या होत्या.

"ही एसटी साताऱ्याला, ही कराडला," केसांचे पेड एकमेकांवरून नेत बाबा सांगत होता, "आणि मधली घाटात अडकली."

भांग वाकडा, एक वेणी कानावर, दुसरी मानेवर. तरी मुली आरशापुढे नाचल्या. "उद्यापासून वेण्या बाबाच घालणार."

आईच्या पोटात दुखलं. चार वर्षं तिने सरळ भांग पाडले, त्याचं कुणाला काही नाही.

मुली शाळेला पळाल्या. तिने अंबाडा सोडला आणि कंगवा घेऊन नवऱ्यापुढे मांडी घालून बसली.

"माझी मधली गाडी सांगोल्याला सोड," ती म्हणाली. "माहेरी जाऊन वर्ष झालं."