पूर्वेकडची भिंत

"और कितना टाइम लगेगा, नत्थू भैया?" कुसुमनं विचारलं.

"दोपहर तक हो जाएगा, दीदी." नत्थू मिस्त्री भेगेत सिमेंट दाबत होता. भेग छतापासून खिडकीपर्यंत उतरली होती. वरच्या अंगाला तिच्यात चार बोटं सहज जायची. "लेकिन ये मरहम है, इलाज नहीं. इधर की नींव ही बैठ गई है."

"बस, मंगल निकल जाए."

मंगळवारी इंजिनिअर येणार होता, बूढ़ापाऱ्यातल्या त्या सरकारी प्राथमिक शाळेची इमारत तपासायला.

नवीन राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. रायपूर राजधानी झालं आणि रोज एक नवं खातं जागा शोधत शहरभर फिरू लागलं. उन्हाळ्यात पलीकडच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, शाळा धोकादायक ठरवून रिकामी केली. मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जायला सांगितलं. दोन महिन्यांत त्याच इमारतीला रंग लागला आणि दारावर कुठल्याशा सरकारी कचेरीची पाटी चढली. ट्रकांच्या त्या रस्त्याला भिऊन निम्मी मुलं घरी बसली. मुली तर जवळजवळ सगळ्याच.

कुसुम पालक समितीची अध्यक्ष होती. तिची गंधाली चौथीत होती आणि चौथीचा वर्ग याच खोलीत भरायचा.

रविवार असूनही अर्धा पारा शाळेत लोटला होता. बाया फरशा घासत होत्या. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला तुळशीराम झोपायला न जाता दारांच्या बिजागऱ्या बसवत होता. दुपारपर्यंत भेग बुजली, चारनंतर वर चुना चढला. सोमवारी कुसुमनं त्या जागेवर नव्या राज्याचा मोठा नकाशा टांगला.

मुख्याध्यापिका विजयाबाईंना पारा 'बडी बहेनजी' म्हणायचा. त्यांनी कुसुमला बाजूला घेतलं.

"उद्या ही खोली रिकामी ठेवू या. मुलांना व्हरांड्यात बसवते."

"काहून, बहेनजी? रिकामी खोली पाहून त्याले शंका येणार नाही काय?"

"कुसुम, उद्या काही झालं तर?"

"शाळाच गेली, तर मंग?" कुसुम म्हणाली. पण बोलताना तिनं नकाशाकडं पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी गंधालीची वेणी घालता घालता ती म्हणाली, "साहेबानं विचारलं, पावसात गळते काय, तर नाही म्हणजो."

"पर आई, टपकता तो है."

"गंधाली."

"ठीक है ना. बोल दूँगी." पोरीनं आईकडं वळून पाहिलं. कुसुमनं रिबिनीची गाठ जरा जास्तच आवळली.

इंजिनिअर दहाला आला. डांगरे नाव, पन्नाशीचा, हातात लाकडी दांड्याची हातोडी. कुसुमचं आडनाव ऐकून तो मराठीतच बोलू लागला. पण चेहरा आंबट. प्रत्येक भिंतीवर तो हातोडी ठोकायचा, कान लावायचा. आवाज खणखणीत आला, की जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायचा. पहिली, दुसरी, तिसरी, एकेक खोली संपत गेली आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. फाटकाशी उभा असलेला तुळशीराम कुसुमच्या कानाशी येऊन पुटपुटला, "हा माणूस खोट काढाच्या इराद्यानंच आला आहे."

चौथीच्या खोलीत मुलं उठून उभी राहिली. साहेबानं त्यांना बसवलं. गंधाली नकाशाखालीच बसली होती.

"चुना ताजा दिसतो."

"पालकांनी मिळून केला, साहेब," कुसुम म्हणाली. "शाळा आपलीच आहे ना."

त्यानं उत्तरेची भिंत ठोकली. मग पूर्वेकडं वळला. नकाशाच्या कडेला हातोडी पडली आणि आवाज बद्द आला. तो थांबला. त्याचा हात नकाशाच्या काठीकडं गेला.

"साहेब, आमचं नवं राज्य!" कुसुम पटकन बोलली. "पोरांनी सगळे जिल्हे पाठ केले आहेत. विचारा ना."

पोरं एका सुरात जिल्ह्यांची नावं म्हणू लागली. साहेबाचा हात खाली आला. तो गंधालीपुढं उकिडवा बसला.

"बेटा, बारिश में पानी टपकता है?"

गंधालीनं आईकडं पाहिलं नाही. "नहीं, सर."

"सच बता. एक बूँद भी नहीं?"

"नहीं, सर."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. व्हरांड्यात आल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "ताई, कुठं भेग, कुठं पोपडे, काहीच नाही? नीट आठवा. आज लिहिलं ते लिहिलं. यादी आजच वर जाते."

"काहीच नाही." कुसुम म्हणाली. "इमारत पक्की आहे."

त्यानं बडी बहेनजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि 'नाही' अशी हलवली. साहेबानं 'सुस्थितीत' असा शेरा लिहिला, सही केली, बहेनजींची सही घेतली, शिक्का मारला. फाटकाशी उभ्या बायांत एकदम कुजबुज पसरली. त्यांतल्या शेवंताबाईनं तर डोळ्यांना पदर लावला.

कुसुम साहेबाला जीपपर्यंत सोडायला गेली. आता विचारायला हरकत नव्हती.

"साहेब, आमची शाळा आता हलवणार नाही ना?"

"हलवणार?" डांगरेनं जीपच्या पायरीवरचा पाय खाली घेतला. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही काय? धोकादायक ठरलेल्या तीन शाळा पाडून त्याच जागेवर नव्या बांधायच्या आहेत. तुमचं नाव सगळ्यात वर होतं, ताई. मी सकाळपासून एक भेग शोधून राहिलो होतो."