फुलकिड्याचं पिल्लू

जबलपूरच्या प्रयोगशाळेत सुखदा मायक्रोस्कोपवर वाकलेली असतानाच ताईचा फोन आला.

"काल पुन्हा हात उचलला नं त्यानं? काहून राहून राहिली तू तिथं?"

समोर सिहोऱ्याहून आलेला शेतकरी बळीराम बसला होता. सुखदा हळूच म्हणाली, "अवंतीसाठी, ताई. पोरीला बाप पाहिजे नं. माझं काय, मी घेते सहन करून."

फोन ठेवून तिनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. बळीरामच्या टमाटरला रोग लावणारा फुलकिडा बाहेरदेशातून आलेल्या जातीचाच निघाला.

"मॅडम, मंग रोगट झाड खाल्लेला प्रत्येक किडा आता रोग पसरवून राहील का?"

"मोठा किडा नाही, भैया. त्यानं रोगट पान कितीही खाल्लं तरी त्याच्यापासून रोग पसरत नाही. पण पिल्लू त्या पानावर वाढलं, तर मोठं होऊन जाईल तिथं तो रोग नेतं. मरेपर्यंत."

संध्याकाळी घराच्या फाटकाशी नवऱ्याची स्कूटर थांबली. अवंतीनं खेळ सोडला आणि बाहुलीच्या तोंडावर हात दाबून धरला.

"रोना मत, गुड़िया. रोएगी तो और मारेंगे."