गाडीचे कागद

दोन हजार चार साली शंतनू अमेरिकेच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी कॅनडात टोरांटोला गेला आणि तिथली एक जुनी गाडी घेऊन बसला. इकडे अमेरिकेत पार्सिपनीच्या घरी त्याची बायको गिरिजा एकटी; तिच्या जिवाला घोर लागला.

"परक्या देशात नोंदलेली गाडी कशाला घेतलीस रे? सीमेवर अडवली तर?"

"नाही अडवत गं. गाडीचे कागद झाले की निघतो," तो रोज फोनवर सांगे. असे तीन आठवडे गेले. त्या गाडीला शिव्या घालून गिरिजा थकली.

शनिवारी गाडी दारात आली. गिरिजा कुंकू आणि नारळ घेऊन धावली. गाडीतून शंतनूचा मित्र परीक्षित उतरला, एकटाच.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "गाडीचे कागद पहिल्याच आठवड्यात झाले होते. अडकलाय तो शंतनूचा व्हिसा."