मेलेल्या शिंपल्यांचा पगार

"सही करणार नाही," दोसिंदा म्हणाली आणि तिनं दाताळं वाळूत खुपसलं. ओढलं तर नुसती उघडी टरफलं वर आली. किनारा साफ करायचं हे काम सकाळपासून चाललं होतं. मेलेल्या शिंपल्या ओढायच्या, टोपल्या भरायच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ओतायच्या. मजुरी शून्य, आणि दांडी मारली तर शिंपल्या वेचणाऱ्यांचा संघ परवान्यावर टाच आणणार. साठ बायका ओहोटीत वाकून फुकट राबत होत्या.

अंतिया कागद छातीशी धरून आईसमोर उभी होती. स्पेनमधल्याच विगो शहराच्या विद्यापीठात तिला जीवशास्त्राला जागा मिळाली होती. प्रवेश उद्या दुपारपर्यंत घ्यायचा होता. अठरा पुरी व्हायला तिला तीन महिने कमी होते, म्हणून सही आईची हवी होती.

"चार वर्षं खोलीचं भाडं, चार वर्षं खाणंपिणं," दोसिंदा कडाडली. "वर आणखी ते कसलंसं मास्टर्स. आणि शेवटी हातात काय? एर्मितास, सांग गं हिला, तुझा पुतण्या जीवशास्त्र शिकून काय करतो?"

"सुपरमार्केटात कोळंबी तोलतो," एर्मितास पलीकडून ओरडली. "पण तिचं लॅटिन नाव तोंडपाठ आहे हो त्याला!"

बायका खिदळल्या. दोसिंदा हसली नाही. हिवाळ्यापासून तिच्या डोक्यात जाळ होता. तेवीस वर्षं या वाळूनं तिला पोसलं होतं, आणि आता तीच वाळू टरफलं ओकत होती.

"नर्सिंग घे म्हटलं तर नाक मुरडतेस. अगं, या गावात दुसरं काही पिको न पिको, म्हातारे संपायचे नाहीत!"

"मला नाही व्हायचं नर्स."

"मग ये, वाक इथे माझ्या शेजारी. बघ किती पोट भरतं ते."

थोड्या अंतरावर नोएलिया गुडघ्यांवर बसून टरफलं मोजत होती. ती संघाची जीवशास्त्रवाली. किनारा बंद करायला लावला तो तिनंच. रागाला एक तोंड लागतं, आणि दोसिंदाच्या रागाला सहा महिन्यांपासून हिचंच तोंड सापडलं होतं.

"ओ बाई! इकडे या जरा. माझ्या पोरीला तुमचा पगार सांगा."

नोएलिया उठून आली. तिचाही पारा चढलेला होता. "नऊ महिन्यांचं कंत्राट," ती म्हणाली. "अनुदान आलं तर पुढचं, नाहीतर घरी. चौतिसाव्या वर्षी आणखी दोघींबरोबर भाड्याच्या घरात राहते. रोग यायच्या आधी नाताळच्या महिन्यात तुम्ही प्रत्येकीनं माझ्या दुप्पट कमावलंय. झालं समाधान?"

"ऐकलंस?" दोसिंदा मुलीवर गरजली. "अशी ही डिग्री! मेलेलं मेलंय हे सांगायला चार वर्षं कशाला हवीत? मी फुकट सांगते."

"जिवंत होत्या तेव्हाही सांगितलं होतं मी!" नोएलियाचा आवाज फाटला. "दुसऱ्या खाडीतलं शिंपल्यांचं बी इथे आणून पेरू नका, तिकडे रोग आहे, असा कागद संघाच्या दारावर लावला होता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर जत्रेच्या बँडची जाहिरात चिकटवली."

मग अंतिया बोलली. ती ओरडली नाही.

"मला पगाराचं सांगू नकोस, आई. मला हेच शोधायचंय. रोगट शिंपल्या काही चालत येत नाहीत. कुणीतरी आणल्या. साठ घरांच्या चुली ज्यानं विझवल्या, त्याचं नाव हवंय मला."

दोसिंदानं नोएलियाकडे पाहिलं. "असं कळतं?" तिचा आवाज एकदम खाली आला. "शिकून?"

"कुठल्या खाडीतून आलं ते कळतं. साधारण कुठल्या वर्षी तेही. पुढचं गाव सांगतं. एवढ्याशा गावात कुणाची गाडी कधी कुठे गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक असतं."

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात दोसिंदा दिराची व्हॅन मागून घेऊन बहिणीकडे गेली होती. तिकडच्या खाडीत शिंपल्यांचं बी, नखाएवढी पिल्लं, मायंदाळ झालं होतं, बहीण म्हणाली, ने. दोसिंदानं चौदा जाळीदार पिशव्या आणल्या. पहाटेच्या ओहोटीला छातीवर क्रूसाची खूण करून तिनं मुठीमुठीनं ते सगळ्या किनाऱ्यावर पेरलं, एकटीनं, सगळ्यांसाठी. संघ दंड करील म्हणून कुणाला बोलली नाही. पहिल्या वर्षी शिंपल्या लठ्ठ निघाल्या तेव्हा मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठ थोपटली होती. दुसऱ्या वर्षी मरायला लागल्या. या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पाहायच्याच नव्हत्या तिला.

आता नाही म्हणणं अगदी सोपं होतं. कारणं सगळी सांगून झाली होती, आणि खरी होती. बायका तिच्या बाजूच्या होत्या. पुढच्या वर्षी पोरगी नर्सिंगला गेली असती आणि शोधाशोध तिथेच मिटली असती.

दोसिंदानं ओले हात ॲप्रनला पुसले. कागद ओढून घेतला, पालथ्या टोपलीवर ठेवला आणि सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

"आई? मग पैसे?"

"मी बघते. गरज पडली तर म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं मी काढीन." तिनं कागद मुलीच्या हातात कोंबला, पण हात सोडला नाही. "पूर्ण शिक. आणि नाव सापडलं, की घरचं आहे म्हणून गाळू नकोस."